ताराबाईंची सात वर्षे इतिहासात आक्रसली कशी

छत्रपतींची नावे सांगताना आपण शिवाजी, संभाजी, राजाराम, शाहू असे एका दमात म्हणून जातो. राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले ते १७०७ च्या मे महिन्यात. मधली सात वर्षे राज्य कोण चालवत होते, हा प्रश्न त्या यादीत उमटतच नाही. औरंगजेब स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसला असताना ते राज्य टिकले, वाढले, आणि ते चालवत होत्या पंचविशीतल्या महाराणी ताराबाई.

ताराबाई तळबीडच्या मोहित्यांच्या, सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची कन्या. पतीच्या निधनानंतर त्यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवले. राज्याची द्वाही त्याच्या नावाने फिरली, कारभार आईने केला. पुढच्या विस्मरणाची सुरुवात मला इथेच दिसते. वंशावळीत नाव चढते ते गादीवर बसलेल्याचे.

मोगलांचा इतिहासकार खाफीखान लिहितो की राजारामांच्या मृत्यूची बातमी येताच बादशाही छावणीत आनंदाचे नगारे वाजले. मागे उरली एक बाई आणि लहान मुले, आता मराठे संपले, असा त्यांचा हिशेब होता. तोच खाफीखान पुढे मान्य करतो की ताराबाईंनी सरदारांची मने जिंकली, दख्खनचे सहा सुभे ओलांडून सिरोंज, मंदसौर आणि माळव्यापर्यंत फौजा पाठवल्या, आणि बादशहाने काहीही केले तरी मराठ्यांचा जोर दिवसेंदिवस वाढतच गेला. शत्रूच्या पदरच्या माणसाची ही साक्ष आहे. तिला आपल्याकडे अजून पुरेसा मान मिळालेला नाही.

हे साधले कसे? औरंगजेब एकेका किल्ल्याला वेढा घालत फिरत होता. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे किल्ले १७०० ते १७०४ मध्ये त्याच्याकडे गेले. पण मराठ्यांची रीत अशी की किल्ला होईल तितका लढवायचा, मोगलांचा पैसा आणि मोसम खर्च करायला लावायचा, मग वाटाघाट करून, रक्कम पदरात पाडून शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरची फौज, सुखरूप बाहेर काढायची. विशाळगड परशुराम त्रिंबक प्रतिनिधींनी डिसेंबर १७०१ पासून जून १७०२ पर्यंत धरून ठेवला आणि मग पैसे घेऊन सोडला. तिथून पन्हाळ्याकडे परतताना घाटातल्या पावसाने आणि चिखलाने बादशाही लष्कराची जी दैना केली, ती एखाद्या हरलेल्या लढाईहून कमी नव्हती. बादशहाची पाठ वळली की गेलेले किल्ले परत घेतले जात. सिंहगड, राजगड, सातारा, पन्हाळा असेच आले.

दुसरीकडे लढाई मोगली मुलखात नेली गेली. नेमाजी शिंदे १७०३ मध्ये नर्मदा ओलांडून माळव्यात शिरले, धनाजी जाधवांनी १७०६ मध्ये गुजरातेत मोगलांना धूळ चारली. जिथे फौज पोचली तिथे कमाविसदार, म्हणजे वसुलीचे अधिकारी, नेमून चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) आणि राहदारी (वाटेवरची जकात) वसूल होऊ लागली. मराठे उत्तरेत पसरले ते पेशव्यांच्या काळात, असे शाळेपासून मनात बसलेले असते. त्या वाटा बाजीरावांच्या आधीच तुडवल्या गेल्या होत्या, हे ठासून सांगायला हवे.

मग हे मागे का पडले? औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला आणि मोगलांनी संभाजी महाराजांचे पुत्र शाहू यांना सोडून दिले. गादीवरचा हक्क कोणाचा, यावर घर फुटले. धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत ताराबाईंचा पक्ष हरला. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सवत राजसबाईंनी त्यांना मुलासह कैदेत टाकले. पुढे सत्ता शाहूंच्या साताऱ्याकडे आणि मग पेशव्यांच्या पुण्याकडे गेली, आणि बखरीही बहुतेक त्याच बाजूने लिहिल्या गेल्या. तिथे ताराबाई येतात त्या भाऊबंदकीतल्या हट्टी बाई म्हणून.

या चित्राला त्यांच्या उतारवयातले राजकारणही कारण झाले, हे नाकारता येत नाही. शाहूंच्या पश्चात आपला नातू म्हणून त्यांनीच रामराजाला पुढे केले, १७५० मध्ये त्यालाच साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि नंतर तो आपला नातू नव्हेच असे जाहीर केले. १७५२ मध्ये नानासाहेब पेशव्यांशी समेट झाला, पण नाव खराब व्हायचे ते झालेच. तरी सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या या डावावरून पंचविशीतल्या राज्यकर्तीचे माप काढणे मला अन्यायाचे वाटते. पुरुष राज्यकर्त्यांच्या बाबतीत आपण इतके कठोर नसतो.

पानिपतानंतर काही महिन्यांनी, डिसेंबर १७६१ मध्ये, त्या वारल्या. कोल्हापूरने त्यांना विसरू दिले नाही. तिथे ताराबाई पार्क आहे, कावळा नाक्यावर अश्वारूढ पुतळा आहे. अभ्यासाची बाजू सावरली तीही कोल्हापूरनेच. अप्पासाहेब पवारांनी संपादित केलेली ताराबाईकालीन कागदपत्रे शिवाजी विद्यापीठाने छापली, जयसिंगराव पवारांनी चरित्र लिहिले. त्या कागदांमुळे १७०० ते १७०७ हा काळ बखरींच्या पलीकडे जाऊन वाचता येतो.