पॅचबेपासून सेशन फाइलपर्यंत

सवाई गंधर्व महोत्सवात पुढच्या रांगेत बसलेल्याला तबला थेट मंचावरूनही ऐकू येतो. स्पीकरमधून तो थोडा कमी दिला तरी चालतं. पण त्याच तबल्याचं ध्वनिमुद्रण किंवा प्रक्षेपण घरी ऐकणाऱ्याला तेवढ्याने भागत नाही, त्याला तबला लांब कुठेतरी वाजतोय असं वाटतं. आणि गायकाला मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याच्यासमोरच्या स्पीकरमध्ये, तबल्यापेक्षा तानपुरा हवा असतो. मायक्रोफोन तोच, पण त्यातला आवाज तीन वाटांनी, तीन वेगळ्या प्रमाणांत जातो. या वाटा आखणं म्हणजे रूटिंग. आखलेल्या वाटा, चॅनेलची नावं, ईक्यू (आवाजातला जाड-बारीकपणा कमी-जास्त करण्याची सोय), फेडरच्या (आवाजाची पातळी ठरवणाऱ्या सरकत्या दांड्यांच्या) जागा हे सगळं एकत्र साठवते ती सेशन फाइल. कोणी तिला शो फाइल म्हणतं.

पुण्यात आकाशवाणीचं केंद्र आणि सवाई, दोन्ही १९५३ सालचे. तेव्हा जगभर स्टुडिओतली वाट हाताने जोडावी लागे. आवाज मिसळायच्या यंत्राशेजारी, कन्सोलशेजारी, पॅचबे असे, म्हणजे भोकांच्या रांगा, आणि एका भोकातून दुसऱ्यात जाणारी दोन्ही टोकांना प्लग असलेली केबल. हा पाव इंची प्लग एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आला. ऑपरेटर ज्या प्लगने एका ग्राहकाला दुसऱ्याशी जोडून देई, तोच रेडिओवाल्यांनी उचलला. पॅचबेमधली एक युक्ती मला आजही फार आवडते. नेहमीची जोडणी आतूनच केलेली असे. प्लग खुपसला की ती तुटे, काढला की आपोआप पूर्ववत होई. केबल उपटली की स्टुडिओ पुन्हा मूळ स्थितीत.

पण आठवणीत ठेवायचं काम वहीचंच होतं. कुठल्या भोकातून कुठे, नॉबची खूण घड्याळाच्या काट्यासारखी किती वाजता, हे लिहून किंवा रेखाटून ठेवायचं. ही वही यंत्राकडे सोपवण्याची घाई आधी झाली ती संगीताच्या स्टुडिओंना. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नीव्ह कंपनीच्या कन्सोलवर संगणक फेडर हलवू लागला. पाठोपाठ एसएसएल या दुसऱ्या कंपनीने ‘टोटल रिकॉल’ आणलं. नाव मोठं असलं तरी ते नॉब फिरवत नसे. आधी नॉब कुठे होते ते पडद्यावर दाखवी आणि इंजिनिअर एकेक नॉब हाताने तिथे आणून ठेवी. एका क्षणात सगळं परत आणणारं, सरकत्या मोटरच्या फेडरचं आणि स्वस्तात मिळणारं कन्सोल म्हणजे १९९५ चं यामाहा ०२आर. ते आल्यावर लहान स्टुडिओंनाही ही सोय परवडू लागली.

दुसरा धागा केबलींचा. १९८५ मध्ये एईएस३ हे मानक आलं आणि एका तारेतून दोन चॅनेल आकड्यांच्या रूपात जाऊ लागले. १९९१ च्या मॅडी या मानकाने एका कोअॅक्स केबलीत ५६ चॅनेल बसवले. पुढे सिडनीच्या ऑडिनेट कंपनीची डांटे ही नेटवर्कवरून आवाज नेणारी पद्धत आली, २०१३ मध्ये त्यासाठीचं एईएस६७ हे मानक आलं आणि साध्या नेटवर्क स्विचमधून आवाज फिरू लागला. पॅचबेमधली भोकं आता पडद्यावरच्या चौकोनी जाळ्यातले ठिपके झाली. आडव्या रांगेत इनपुट, उभ्या रांगेत आउटपुट, जिथे टिचकी तिथे जोडणी. दोन्ही धागे इथे एकत्र आले, कारण ठिपका फाइलमध्ये साठवता येतो. खुपसलेली केबल कुठल्याच फाइलमध्ये मावत नव्हती.

मोठी सोय झाली, पण गोंधळाची एक नवी जागाही तयार झाली. ती मला पुण्यातल्या एका स्टुडिओत थेट कार्यक्रम चालू असताना कळली. फोनवरच्या पाहुण्याला नेहमी मिक्स मायनस द्यावं लागतं, म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज वगळून बाकी सगळं. नाहीतर त्याला स्वतःचाच आवाज किंचित उशिराने ऐकू येतो आणि माणूस बोलता बोलता अडखळतो. त्या दिवशी तसंच झालं. ‘फोन १’ असं ठळक लिहिलेल्या फेडरवर पाहुणा चार शब्द बोलून थांबायचा, पुन्हा सुरू करायचा. मी पातळ्या तपासत बसलो. झालं होतं असं की, मधल्या आठवड्यात दोन फोन लाइनच्या सॉकेटांची अदलाबदल झाली होती आणि मी लोड केलेली फाइल त्याआधीची होती. लेबल हा फाइलमधला नुसता मजकूर असतो. लाइन दुसऱ्या सॉकेटात गेली म्हणून तो तिच्यामागे जात नाही.

तेव्हापासून मी इमारतीची जोडणी आणि कार्यक्रमाची मांडणी वेगळ्या ठेवतो. बऱ्याच कन्सोलवर त्यासाठी ‘रिकॉल सेफ’ असतं. पॅच, म्हणजे सॉकेटांची जोडणी, त्यात टाकला की जुनी फाइल उघडली तरी सॉकेटांना हात लागत नाही, फक्त फेडर, ईक्यू आणि बस (अनेक आवाज एकत्र नेणाऱ्या वाटा) बदलतात. सवाईसारख्या ठिकाणी, एक कलाकार उठून दुसरा बसेपर्यंतच्या थोड्या वेळात, हा फरक फार मोलाचा असतो. स्नॅपशॉट, म्हणजे साठवलेली मांडणी, बदलला तरी प्रक्षेपणाकडे जाणारी लाइन जागच्या जागी राहायला हवी.

चित्रपटाचं मिक्स पुन्हा बसून सुधारता येतं, थेट प्रक्षेपणाचं नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर, प्रभातच्या जुन्या आवारातल्या एफटीआयआयमध्ये १९७४ पासून चित्रपट आणि टेलिव्हिजन एकाच अंगणात शिकवले जाऊ लागले. तिथे मुलांना हा फरक लवकर कळत असणार असं मला वाटतं.

एका गोष्टीत मात्र वहीची जागा अजून कोणी घेतलेली नाही. एका कंपनीची सेशन फाइल दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर उघडत नाही. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आजही इनपुट लिस्ट येते: १ गायन, २ व ३ तानपुरे, ४ तबला, ५ डग्गा, ६ हार्मोनियम. मी ती छापून कन्सोलच्या कडेला चिकटवतो आणि एकेका मायक्रोफोनवर बोट टकटकवत, सॉकेटपासून फेडरपर्यंत, प्रत्येक वाट कानांनी तपासतो.