आरंभक मंडल, जुन्या वाहनांतील : दोष व दोषशोधन

थांबलेले एंजिन बॅटरीच्या शक्तीने फिरवून चालू करून देणारी विद्युत् यंत्रणा. बॅटरी, किल्लीचा स्विच, सोलेनॉइड (चलित्राला जाड प्रवाह जोडून देणारा विद्युत्‌चुंबकी स्विच), आरंभक चलित्र (बोलीत ‘सेल्फ’), जाड केबली आणि सांगाड्यातून परतणारे अर्थिंग हे तिचे घटक. प्रस्तुत नोंद सातारा व सांगली जिल्ह्यांत अजून टिकून असलेल्या जुन्या जीपा, वडापच्या (वाटेत प्रवासी भरत जाणाऱ्या) गाड्या, ॲम्बॅसेडर व ट्रॅक्टर यांच्यापुरती आहे.

विद्युत् आरंभकाच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. इंग्लंडमध्ये १८९६ च्या सुमारास एच. जे. डाउसिंग या अभियंत्याने आर्नल्ड मोटारीला असे चलित्र जोडले, अशी नोंद सामान्यतः आढळते. अमेरिकेत क्लाइड कोलमन यांना १९०३ मध्ये एकस्व (पेटंट) मिळाले. तथापि नित्य वापराला उतरलेली पहिली रचना चार्ल्स केटरिंग यांची, १९१२ च्या कॅडिलॅकमधील, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. गल्ल्याच्या यंत्रासाठी त्यांनी आधी विजेचे चलित्र केले होते. क्षणभरच चालायचे असेल, तर लहान चलित्रही क्षमतेच्या कितीतरी पट भार सोसते, हे त्यांनी तेथेच हेरले होते. एंजिन हाताने फिरवण्याच्या हँडलच्या उलट्या तडाख्याने मोटार-निर्माते बायरन कार्टर यांचा मृत्यू झाला व त्या हळहळीतून हा शोध लागला, ही कथा बहुतेक लोकप्रिय लेखनात येते. कार्टर १९०८ मध्ये वारले. मात्र मृत्यूचे कारण न्यूमोनिया होते, असेही सांगितले जाते आणि घटनास्थळाविषयीही वाद आहे. कथा जपूनच स्वीकारावी.

दोषशोधनात सर्वांत दुर्लक्षित राहते ती दाबघट, म्हणजे सांध्यासांध्यांत वाया जाणारे व्होल्ट. सेल्फ मारताना लहान गाडीतही दीडदोनशे अँपिअर प्रवाह वाहतो, डिझेल गाडीत त्याहून अधिक. अशा वेळी एखाद्या गंजलेल्या टर्मिनलचा रोध अवघा ०·०१ ओहम असला, तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. साधा मीटर एवढा रोध दाखवत नाही आणि टेस्टरचा बल्बही झकास पेटतो, कारण बल्बाला प्रवाह नगण्य लागतो. म्हणून मोजणी चालू भारावरच करावी. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२·६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरत असताना ९·६ च्या खाली जाऊ नये. बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फच्या बोल्टापर्यंत घट ०·५ व्होल्टच्या आत आणि सेल्फच्या अंगापासून ऋण टोकापर्यंत ०·२ ते ०·३ च्या आत असावी. ‘सेल्फ गेलाय’ म्हणून तो आधी उतरवून रिवाइंडिंगला धाडण्याचा प्रघात आहे. वरील मोजणीनंतर त्याची गरज बऱ्याचदा उरत नाही.

अर्थिंगचा दोष विशेष फसवा. एंजिन रबरी माउंटिंगवर बसते, त्यामुळे ते व चासी यांना जोडणारी विणीची पट्टी तुटली की प्रवाह चोक, ॲक्सिलरेटर किंवा क्लच यांच्या तारेतून वाट काढतो. सेल्फ मारताना चोकची तार चटका बसण्याइतकी तापली किंवा तिच्यातून धूर निघाला, तर सेल्फ खोलण्याआधी पट्टी पाहावी. टर्मिनलवर धरलेला पांढरा-हिरवट थर खायचा सोडा व गरम पाणी घालून धुवावा, सांधा घासून घट्ट आवळावा व वरून व्हॅसलीन लावावे.

आवाजावरून निदान ही वायरमनची पारंपरिक रीत, आणि ती निराधार नाही. ‘टकटकटक’ असा सलग आवाज आला तर बॅटरी उतरलेली असण्याचा संभव अधिक : सोलेनॉइडचे स्पर्शक (प्रवाह जोडणारे तांब्याचे तुकडे) मिटताच दाब कोसळतो, त्याचा दांडा ओढून धरणारी धारक गुंडाळी दांडा सोडून देते, दाब पुन्हा चढतो व चक्र सुरू राहते. धारक गुंडाळी तुटल्यासही हाच आवाज येतो. एकच ‘टक’ होऊन पुढे काही झाले नाही, तर स्पर्शक जळालेले किंवा सेल्फमधील कार्बन (ब्रश) झिजलेले असावेत. सेल्फ सूं करून नुसताच फिरतो, तेव्हा बेंडिक्स (सेल्फचे दातेरी चाक रिंगेत अडकवणारा भाग) किंवा फ्लायव्हीलची दातेरी रिंग पाहावी. चार सिलिंडरचे एंजिन बहुधा समोरासमोरच्या दोन ठिकाणीच थांबते, त्यामुळे रिंगचे दातेही तेथेच झिजतात. गाडी गिअरमध्ये टाकून वीतभर ढकलताच सेल्फ पकडत असेल, तर हाच दोष. बुश (दांड्याला आधार देणारी कडी) झिजलेला असल्यास आर्मेचर, म्हणजे सेल्फचा फिरता भाग, ध्रुवांना घासते. सेल्फ भरपूर प्रवाह खाऊन संथ फिरतो व हकनाक बॅटरीला बोल लागतो.

२००५ व २०१९ च्या महापुरांसारख्या प्रसंगी गाळ बेंडिक्सच्या आट्यांत व बुशांत बसतो. अशा गाडीला सेल्फ मारण्यापूर्वी तो उतरवून, गाळ धुऊन वाळवणे इष्ट, शिवाय सिलिंडरमध्ये पाणी नसल्याची खात्री करावी. महाबळेश्वर, पाचगणीकडील दमट हवेत टर्मिनल लवकर गंजतात. स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट जोडून पाहण्याची युक्ती सर्रास चालते. ती करताना गाडी न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक ओढलेला हवा. ट्रॅक्टरसमोर उभे राहून ती कधीही करू नये.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप ६ व्होल्टची होती व तिचा सेल्फ पायाच्या स्विचवर चाले. अशा गाड्यांत केबल अधिक जाड लागते, कारण तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह दुप्पट होतो. काही ब्रिटिश रचनेच्या गाड्यांत धन टोक अर्थ केलेले असे. अशा गाडीत बॅटरी उलटी जोडली गेली, तरी सेल्फ उलटा फिरत नाही : मालिका-गुंडाळीच्या चलित्रात स्थिर क्षेत्र-गुंडाळी व आर्मेचर या दोहोंतील प्रवाहाची दिशा एकदमच पालटते. बॅटरी भारित करणाऱ्या डायनामोचे मात्र ध्रुव पुन्हा जुळवून घ्यावे लागतात.