अगंज पोलादाच्या प्रती व गंजरोध

वजनाने किमान १०.५ टक्के क्रोमियम असलेला लोखंडाचा मिश्रधातू म्हणजे अगंज पोलाद, अर्थात स्टेनलेस स्टील. हा धातू गंजतच नाही असा समज सर्वत्र आढळतो, पण तो खरा नाही. कोणती प्रत (ग्रेड) कोठे वापरली, यावर तो टिकणार की नाही हे ठरते.

गंजरोधाचे सारे श्रेय क्रोमियमला जाते. पृष्ठभागावरील क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा थर तयार होतो. साध्या लोखंडावरचा गंज सच्छिद्र असतो, तो पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. क्रोमियमचा थर मात्र घट्ट बसतो, आणि ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळताच पुन्हा धरतो. (दिल्लीचा लोहस्तंभ अगंज पोलादाचा असल्याचे अनेकदा सांगितले जाते. त्यात क्रोमियम नाही. त्याच्या टिकाऊपणामागे लोखंडातील फॉस्फरसचे जास्त प्रमाण हे मुख्य कारण मानतात.)

जर्मनीतील क्रुप कारखान्यात माउरर आणि श्ट्राउस यांनी क्रोमियम-निकेल पोलाद विकसित केले व १९१२ मध्ये त्याचे पेटंट मागितले गेले. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी झीज न होणारे पोलाद शोधत होते. १९१३ मध्ये त्यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले. आजची सुऱ्या-कात्र्यांची ४२० ही प्रत याच वळणाची आहे. ती पाणी देऊन कठीण करता येते, पण गंजरोधात मागे राहते. ४३० या प्रतीत सुमारे १७ टक्के क्रोमियम असते, निकेल जवळजवळ नसते. ती स्वस्त आहे आणि कोरड्या, घरातल्या वापराला पुरते.

सर्वाधिक वापर ३०४ चा होतो. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. निकेलमुळे पोलादाची स्फटिकरचना बदलते; ते लवचीक होते, खोल ओढून भांडी करता येतात आणि जोडकामही (वेल्डिंग) सोपे जाते. दुग्धशाळांच्या टाक्या, हॉटेलांचे ओटे, पाण्याच्या टाक्या यांसाठी ३०४ उत्तम ठरते. ३१६ मध्ये याखेरीज २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, आणि एवढ्याशा भरीने क्लोराइडसमोरचा तिचा टिकाव पुष्कळ वाढतो.

क्लोराइड हा या धातूचा खरा शत्रू. मीठ, समुद्राचे वारे, ब्लीचिंग पावडर, फरशी धुण्याचे अ‍ॅसिड या सर्वांतून तो येतो. तो ऑक्साइडचा थर एखाद्या बिंदूवर भेदतो; आत बारीक खड्डा पडतो, खड्ड्यातले पाणी आम्लयुक्त होते आणि थर पुन्हा धरू शकत नाही. बाकीचा पत्रा चकचकीत असतानाच तो आरपार भोक पडेपर्यंत खाल्ला जाऊ शकतो. वॉशरखाली किंवा दोन पत्र्यांच्या फटीत ऑक्सिजन पोचत नाही, तेथे हे आणखी लवकर होते. भांड्यातल्या गार पाण्यात मीठ टाकले की ते तळाशी साचते आणि तेथे पांढुरके टिपके पडतात. म्हणून मीठ पाण्याला उकळी आल्यावर घालून ढवळावे.

प्रतींची तुलना करायला एक ढोबळ अंक वापरतात: क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या १६ पट. ३०४ चा हा अंक साधारण १९, ३१६ चा २५ च्या आसपास, तर २२०५ या ड्युप्लेक्स, म्हणजे दोन स्फटिकरचनांच्या मिश्रणाच्या प्रतीचा ३५ भरतो. समुद्राच्या पाण्यात कायम बुडालेल्या भागांसाठी ४० च्या वरच्या प्रती घेतात. ३१६ ला बाजारात मरीन ग्रेड म्हणतात, पण कोमट समुद्रपाण्यात फटींच्या जागी तीही गंजते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर कठड्यांना ३०४ वापरल्यास तांबूस डाग लवकर दिसतात. पावसाने धुतला जाणारा भाग त्यातल्या त्यात बरा राहतो. छज्ज्याखाली मीठ साचत जाते, त्यामुळे तेथे डाग आधी पडतात.

निकेल महाग असल्याने २०० मालिका आली. २०१ व २०२ मध्ये निकेलचा बराच भाग काढून मँगनीज आणि नायट्रोजन घालतात. भारतात निकेल सुमारे १ टक्क्यावर आणलेल्या प्रतीही विकल्या जातात. निकेल इतके उतरवले की लवचीक रचना टिकवण्यासाठी क्रोमियमही कमी करावे लागते, आणि खरा तोटा येथे होतो. लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत या बाबतीत फसवी आहे. २०० मालिकेलाही चुंबक चिकटत नाही, उलट ठोकून किंवा ओढून घडवलेल्या ३०४ ला थोडा चिकटतो. ३०४ आणि ३१६ यांतला फरक तर चुंबकाने मुळीच कळत नाही. कारखान्याचा चाचणी-दाखला किंवा वर्णपटमापकाची (स्पेक्ट्रोमीटरची) तपासणी हाच भरवशाचा मार्ग.

ताण आणि क्लोराइड एकत्र आले की धातूला तडे जातात, आणि वरून काहीच कळत नाही. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ मध्ये तरणतलावावरचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जण मृत्युमुखी पडले. ते ज्या अगंज पोलादी सळयांवर टांगलेले होते, त्या क्लोरीनयुक्त हवेत अशाच तडकल्या होत्या. झुंबरे, छत, जिने टांगायचे असतील तेथे प्रतीची निवड अभियंत्यानेच करावी.

जोडकामात ४५० ते ८५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पट्ट्यात कार्बन क्रोमियमला ओढून घेतो आणि धातूच्या स्फटिककणांच्या सीमा क्रोमियमला मुकतात. यासाठी ३०४एल व ३१६एल या प्रतींत कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवत नाहीत. जोडाभोवती उमटणाऱ्या निळ्या-सोनेरी पट्ट्याखालचा धातूही दुबळा झालेला असतो. तो पट्टा पिकलिंग पेस्टने (आम्लयुक्त लेपाने) काढून जागा भरपूर पाण्याने धुवावी लागते. ग्राइंडरने उडालेले साध्या लोखंडाचे कणही पृष्ठभागावर राहू देऊ नयेत. किनाऱ्यालगतच्या ३१६ च्या कठड्यावरही पहिला डाग बहुधा अशा साफ न केलेल्या जोडावरच पडतो.