याशिकोर की याशिनॉन?

बाबांच्या याशिका डी कॅमेऱ्याच्या खालच्या, म्हणजे फोटो टिपणाऱ्या, भिंगाभोवती ‘याशिकोर’ कोरलेलं आहे आणि मी नंतर घेतलेल्या याशिका मॅट १२४जीवर ‘याशिनॉन’. दोन्ही ८० मिलिमीटरची, दोन्हींचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, जास्तीत जास्त एफ ३.५ (आकडा लहान तितकं छिद्र मोठं). नावं तर जुळ्या बहिणींसारखी. जुना दोन भिंगांचा कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस इथे हमखास गोंधळतो.

याशिकोर तीन काचांचं, तिन्ही सुट्या. हॅरोल्ड डेनिस टेलर यांनी १८९३ साली मांडलेली ही ट्रिपलेट रचना. याशिनॉनमध्ये काचा चार, पण मागच्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या. झाइस या जर्मन कंपनीच्या १९०२ च्या टेसार भिंगाच्या वळणाची. म्हणजे हवेला भिडणारे पृष्ठभाग दोन्हींत सहाच. त्या चौथ्या काचेचं काम मुख्यतः कडांचं.

गोव्यातल्या मंगेशीच्या देवळाची सातमजली दीपमाळ संध्याकाळी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून टिपा. याशिकोरमध्ये मधले मजले स्वच्छ येतात, पण कोपऱ्यांतली झाडं आणि छपरं विरघळल्यासारखी दिसतात. याशिनॉन कोपरे बरेच सावरून धरतं. मात्र एफ ८ किंवा ११ वर दोघांतला फरक फार थोडा उरतो, मध्यम आकाराच्या प्रिंटवर तर मला तो ओळखता येत नाही. शंभर आयएसओची फिल्म (आयएसओ म्हणजे उजेडाला ती किती संवेदनशील) आणि आपलं दुपारचं ऊन असेल तर १/२५० सेकंदाच्या शटरला एफ ११ लागतंच. अंगणात, बाजारात, किनाऱ्यावर दिवसाढवळ्या फोटो काढणाऱ्यानं याशिनॉनसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट माणसांचे चेहरे मला याशिकोरवरच आवडतात. आजीचा व्हरांड्यातला फोटो त्यावरचा आहे: डोळे रेखीव, मागची तुळस मऊ.

नुसत्या मॉडेलवरून भिंग ठरवू नका. याशिका डीच्या शेवटच्या काळातल्या कॅमेऱ्यांवर याशिनॉनही आहे. नाव वाचायचं ते खालच्या भिंगाचं. वरचं फक्त आपल्याला दिसावं म्हणून, त्यातून आलेला उजेड फिल्मपर्यंत पोचतच नाही.

गोव्यात राहणाऱ्यानं आणखी एक गोष्ट पाहायलाच हवी. चार महिने पाऊस, कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी येते, तिथे भिंगाची काय कथा! सुट्या काचेवरची बुरशी वेळेवर लक्षात आली तर जाणकार कारागीर ती पुसून काढतो. याशिनॉनच्या चिकटवलेल्या जोडीचा डिंक वयानं सुटू लागला, तर मात्र ते घरगुती काम नाही. म्हणून खरेदीच्या वेळी शटर ‘बी’वर (बटण दाबून ठेवाल तोवर उघडं राहतं तो आकडा) उघडं धरा, मागून टॉर्च मारा आणि समोरून तिरकं पाहा. कडेला इंद्रधनुषी झाक किंवा बुडबुड्यासारखे डाग दिसले, तर ते याशिनॉन तिथेच ठेवा आणि स्वच्छ काचांचं याशिकोर उचला.