व्हेसुव्हियसची राख आणि भोकरदनची तारीख

इटलीत नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात साधारण 25 सेंटीमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. कमरेला मेखला, पायात थराथराने चढवलेले वाळे आणि आपल्याकडच्या लमाण बायकांसारख्या हातभर बांगड्या. दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं साहित्य घेतलेल्या दोन छोट्या दासी. 1938 साली पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या एका घरात ती तुकड्यातुकड्यांत सापडली. तिला बरीच वर्षं 'लक्ष्मी' म्हटलं गेलं, आता बरेच अभ्यासक यक्षी मानतात. ती भारतातून गेली याबद्दल मात्र कुणाला शंका नाही.

तिच्या बहिणी आपल्या मराठवाड्यात आहेत. एक धाराशिव जिल्ह्यात तेरणाकाठच्या तेरला, दुसरी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. भोकरदनच्या मूर्तीचा खालचा भागच उरलाय, पण त्यातही मधल्या बाईच्या पायांशी दासी आहेत. ठेवण तीच. पॉम्पेईच्या मूर्तीला डोक्यातून खाली आरपार भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या नक्षीदार आसनाचा पाय असावी असा अंदाज केला जातो. म्हणजे देवघरातली नव्हे, रोजच्या वापरातली वस्तू!

इथे खरी गंमत कालमापनाची आहे. हस्तिदंताचं वय कार्बन-14 पद्धतीने काढता येतं, पण त्यासाठी मूर्तीचा थोडा भाग कापून खर्ची घालावा लागतो. शिवाय मोजायचा कार्बन असतो कोलॅजेन या प्रथिनात, आणि आपल्यासारख्या उष्ण हवेत ते लवकर नष्ट होतं. पॉम्पेईत हा प्रश्नच आला नाही. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि अख्खं शहर राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे मूर्ती त्याआधी कोरलेली असणार, यात वाद नाही. तीच घडण भोकरदनला दिसली की तिथल्या उत्खननातल्या थराचा काळ ठरवायलाही इटलीतल्या राखेचा आधार मिळतो. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

मूर्ती टिकल्या कशा, यालाही कारण आहे. हस्तिदंताचा मोठा भाग कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या खनिजाचा असतो. कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत तो झिजत जातो. आपली बेसॉल्टची, चुनखडी असलेली माती अल्कधर्मी, तिच्यात हाड आणि दात जास्त तग धरतात. हाड की हस्तिदंत हे ओळखायलाही सोपी खूण आहे: हत्तीच्या सुळ्याच्या आडव्या छेदात भिंगाखाली एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषांची जाळी दिसते, हाडात बारीक छिद्रं.

मूर्ती गेली कोणत्या वाटेने? 'पेरिप्लस' या इ. स. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत याचं उत्तर बरंचसं सापडतं. भडोचपासून पैठण वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या माल घेऊन भडोचला जात. तेरहून तऱ्हेतऱ्हेचं कापड जाई. पुढे मोसमी वाऱ्यांवर जहाजं तांबड्या समुद्राकडे निघत आणि इजिप्तमार्गे माल रोमच्या बाजारात पोचे. भोकरदन हे जुनं भोगवर्धन. तिथल्या दानशूरांची नावं सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत, यावरून गावची ऐपत कळते.

पॉम्पेईची मूर्ती मराठवाड्यातच कोरली, असं मात्र छातीठोक सांगता येत नाही. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे आणि ही लिपी वायव्य भारतातली. अफगाणिस्तानात बेग्रामलाही हस्तिदंती कोरीवकामाचा मोठा साठा मिळाला. तरी भोकरदनच्या दासी पाहिल्यावर माझा कौल दख्खनकडेच जातो. अक्षर वाटेत एखाद्या व्यापाऱ्यानेही कोरलं असेल.

तेरला कधी गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलात, तर गावातलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय चुकवू नका. गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, निघालेल्या वस्तू या एका माणसाने आयुष्यभर जमवल्या, म्हणून त्या आज गावातच पाहायला मिळतात. मातीच्या छोट्या मूर्तींची केशरचना निरखून बघा. दोन साच्यांत माती दाबून त्या घडवल्या आहेत, आणि नीट पाहिलं तर कडेला सांध्याची रेघ दिसते.