खेळण्यातलं चार आवाजांचं वाद्य : गेम बॉय संगीताची पार्श्वभूमी

गेम बॉय हे हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र. ते चालू केलं की पडद्यावर निर्मात्या कंपनीचं नाव वरून सावकाश खाली उतरतं आणि दोन स्वरांची छोटीशी किणकिण होते. जगभरच्या मुलांनी हा आवाज खेळ सुरू होण्याची खूण म्हणून ऐकला. काही मोजक्या वादकांसाठी मात्र ती मैफल सुरू होण्याची खूण आहे. त्यांच्या यंत्रात खेळाच्या जागी संगीतरचनेची कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायची डबी, असते आणि हेडफोनच्या भोकातून निघालेली वायर थेट मिक्सरला जोडलेली असते.

या संगीताचा विषय निघाला की बहुतेक वेळा बालपणीच्या आठवणींवरच बोलणं होतं. मला ते अपुरं वाटतं. आठवणी तर प्रत्येक खेळण्याच्या असतात, पण त्यातलं एखादंच वाद्य होतं. गेम बॉय वाद्य झाला, कारण त्याच्या आवाजाची जात ओळखून त्यासाठी साधनं घडवणारे कारागीर त्याला मिळाले.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने हे यंत्र एप्रिल १९८९ मध्ये जपानमध्ये विक्रीला आणलं. गुनपेई योकोई आणि सातोरू ओकादा यांच्या गटाने ते घडवलं होतं. जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्यावं आणि त्याचा कुणाला सुचला नसेल असा उपयोग करावा, हा योकोईंचा आग्रह. त्यामुळे पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग नाहीत, हिरवट छटा फक्त चार. रंगीत पडद्याचे प्रतिस्पर्धी बाजारात होते, पण ते बॅटऱ्या भराभर खात. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर कितीतरी तास चाले.

आवाजाची व्यवस्था मुख्य चिपमध्येच बसवलेली आहे आणि तिच्या वाहिन्या, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणारे स्वतंत्र आवाज, चार. पहिल्या दोन चौकोनी तरंग काढतात. एका आवर्तनात तरंग किती वेळ वर राहतो ते १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के असं ठरवता येतं. १२.५ ला आवाज नाकातला येतो, ५० ला पोकळ आणि गोल. २५ आणि ७५ एकटे वाजवले तर कानाला सारखेच लागतात. चौथी वाहिनी खरखरीची. तिच्यातून ढोलाचा ठोका, झांजेचा फुत्कार, स्फोट असं सगळं निघतं. ही खरखर खरं तर आकड्यांची एक लांबलचक साखळी असते. साखळी आखूड करण्याची सोय आहे, आणि तसं केलं की तेच १२७ आकडे फिरून फिरून येतात आणि खरखरीतून धातूवर घासल्यासारखा सूर उमटतो. प्रयोगशील मंडळींनी या एका सोयीवर अख्ख्या रचना उभ्या केल्या आहेत.

सगळ्यात श्रीमंत वाहिनी तिसरी. इथे तरंगाचा आकार आपणच रेखाटायचा. त्यासाठी ३२ ठिपके मिळतात, आणि प्रत्येक ठिपक्याची उंची १६ पायऱ्यांपैकी एक. इतक्या ढोबळ पायऱ्यांनी काढलेली रेघ गुळगुळीत होतच नाही. खालच्या पट्टीत त्या खडबडीतपणातून जी झिणझिण निघते, तिने मला तंबोऱ्याच्या जवारीची आठवण होते. वाजता वाजता हे ठिपके बदलत गेलं, की एकच लांबवलेला स्वर आतून कूस बदलत राहतो.

यंत्राला स्वतःचा बेसूरपणाही आहे. चौकोनी तरंगाची कंपनसंख्या १,३१,०७२ या आकड्याला एका पूर्णांकाने भागून ठरते. खालच्या स्वरांना भाजक मोठा असतो, म्हणून सूर बारीक जुळवता येतात. ४,००० हर्ट्झच्या आसपास मात्र भाजक ३२ चा ३१ केला की सूर एकदम सा आणि कोमल रे यांच्यातलं जवळजवळ निम्मं अंतर उडी मारतो. मधला सूर यंत्राजवळ नाहीच. ज्यांना गोड चाल हवी होती त्यांनी वरची पट्टी टाळली, ज्यांना यंत्राची प्रकृती ऐकायची होती ते मुद्दाम तिथे गेले.

कंपनीच्या आतही हा कान असलेला एक माणूस होता. हिरोकाझू तनाका १९८० मध्ये निन्टेन्डोत आले. त्यांनी खेळांना संगीत दिलं, तसा आवाजाच्या यंत्रणेच्या रचनेतही भाग घेतला. गेम बॉयवरच्या टेट्रिस या ठोकळे रचायच्या खेळाचं संगीत त्यांच्याच हातचं, आणि त्यातली सर्वांच्या तोंडी बसलेली चाल रशियन लोकगीताची. १९९८ मध्ये गेम बॉयसाठी कॅमेऱ्याची कार्ट्रिज आली, तिच्यात ‘ट्रिपी-एच’ नावाचं छोटं संगीतयंत्र दडवलेलं होतं. फोटो काढायला घेतलेल्या वस्तूत ते सापडायचं. त्यात ताल आणि चाल रचता येत असे, पण ते खेळणंच राहिलं.

त्याच वर्षी जर्मनीत हॅम्बुर्गला कलाशिक्षण घेणाऱ्या ऑलिव्हर विट्शोव्ह याने बाहेरून तेच दार उघडलं. त्याच्या ‘नॅनोलूप’मध्ये पडद्यावर चार बाय चार अशी सोळा घरं दिसतात. आवर्तन घराघरातून फिरत राहतं आणि वादक बटणांनी प्रत्येक घरातला स्वर, जोर, लांबी बदलतो. दोन अंगठे आणि सोळा घरं, एवढाच संसार. त्यामुळे वादन न थांबवता, चालू रचनेतच हात घालून ती वळवता येते. ‘नॅनोलूप’वर केलेल्या रचनांचं संकलन २००२ मध्ये निघालं. त्यात मर्झबोसारखा गोंगाटाच्या संगीतातला दिग्गज होता, म्हणजे हे साधन खेळांच्या चाहत्यांपलीकडे पोचलं होतं.

दुसरं साधन स्वीडनमधून आलं. योहान कोटलिन्स्की याने २००० च्या सुमारास ‘लिटल साउंड डीजे’ लिहिलं. जाणकार त्याला एलएसडीजे म्हणतात. त्याची घडण १९८७ पासून अमिगा संगणकावर रुळलेल्या ‘ट्रॅकर’ पद्धतीची. स्वर वरून खाली उभ्या रांगेत लिहायचे. सोळा ओळींचा एक तुकडा, तुकड्यांची साखळी, साखळ्यांचं गाणं, आणि आकडे सोळाच्या पायावर मोजायचे. पहिला आठवडा डोकं दुखतं. हाताला वळण पडलं की खरखरीच्या एकाच वाहिनीवर ठोका आणि झांज आळीपाळीने इतक्या भरभर बसवता येतात की कानाला दोन्ही एकदम वाजल्यासारखे वाटतात. चारच वाहिन्या असल्याने ही काटकसर शिकावीच लागते, आणि या संगीताची धावपळीची लय बरीचशी तिथूनच येते.

न्यूयॉर्कमध्ये १९९९ पासून ‘एटबिटपीपल्स’ हा गट अशा रचना प्रसिद्ध करत होता. नलस्लीप आणि बिट शिफ्टर ही त्यातली ठळक नावं. नोव्हेंबर २००३ मध्ये माल्कम मॅक्लारेन याने ‘वायर्ड’ मासिकात लेख लिहून याला नवं पंक, म्हणजे नवं बंडखोर रॉक संगीत, ठरवलं. सेक्स पिस्टल्स या गाजलेल्या पंक बँडच्या माजी व्यवस्थापकाने पाठ थोपटली म्हणून प्रसिद्धी मिळाली, पण अनेक कलाकार दुखावले आणि त्याला उद्देशून खुलं पत्रही निघालं. त्यांचा राग मला रास्त वाटतो. वर्षानुवर्षं एकमेकांना शिकवत त्यांनी उभं केलेलं काम लेखात एका फॅशनसारखं मांडलं गेलं होतं. २००६ मध्ये याच न्यूयॉर्कच्या मंडळींनी ‘द टँक’ या संस्थेबरोबर ब्लिप महोत्सव भरवला आणि पुढे तो टोकियोपर्यंत गेला.

नंतरच्या यंत्रांनी वाट रुंद केली. निन्टेन्डो डीएसवर २००५ मध्ये तोशिओ इवाई यांचं ‘इलेक्ट्रोप्लँक्टन’ आलं, २००८ मध्ये कॉर्गच्या जुन्या सिंथेसायझरवर बेतलेलं ‘डीएस-१०’ आलं. दोन्ही सुंदर आहेत, पण ती नव्या यंत्राच्या सोयींवर उभी आहेत, आणि गेम बॉयसारखा एका ठरावीक आवाजाचा पीळ त्यांना नाही.

म्हणून आजही जुना, विटेसारखा जाड, पहिलाच गेम बॉय शोधला जातो. त्याचा खर्ज नंतरच्या रंगीत मॉडेलपेक्षा भरीव लागतो. यंत्र उघडून आवाज कमी-जास्त करायच्या चकतीवरूनच वायरी बाहेर काढतात, म्हणजे आतल्या अॅम्प्लिफायरची गुणगुण वगळली जाते. पडद्यामागे दिवा बसवतात, कारण अंधाऱ्या मंचावर मूळ पडदा दिसतच नाही. आणि जुन्या कार्ट्रिजमध्ये रचना जपणारा बटणाएवढा सेल असतो. तो संपला की सगळं पुसलं जातं, बदलताना काढला तरी पुसलं जातं. तेव्हा सोल्डरिंगला हात घालण्याआधी रचना संगणकावर उतरवून घ्यायच्या.