गाणं चोरीला गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मिरजेच्या एसटी स्टँडजवळ मोबाईलचं एक दुकान होतं. काचेवर हातानं लिहिलेला कागद : ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’. दोन जीबीचं कार्ड आणि पन्नासची नोट द्यायची, भावगीतं हवीत की लावण्या ते सांगायचं. दुकानदार कॉम्प्युटरवरचं फोल्डर उचलून कार्डात टाकायचा. निळी पट्टी पुढे सरकत असेपर्यंत आपण समोरच्या गाड्यावर चहा घ्यायचा. मीही घेतलीत भरून, उगाच साव असल्याचा आव कशाला आणू?

हे आठवायचं कारण म्हणजे यंदा दिवाळीत बहिणीकडे झालेला वाद. भाच्यानं कुठूनशी चारशे गाणी फुकट उतरवून घेतली होती. दाजी म्हणाले, “चोरी ती चोरीच.” भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो गप्प बसतोय होय! म्हणाला, “मामा, तुम्हीच सांगा. चोरी झाली म्हणजे वस्तू जायला पाहिजे ना? गाणं तर ज्याचं त्याच्याकडेच आहे.” मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी पडलो विज्ञानाचा मास्तर, म्हणजे न्यायाधीशच.

आधी कार्डात काय घडतं ते बघू. मेमरी कार्डात अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि कप्प्यात अडकवून ठेवलेल्या इलेक्ट्रॉनांवरून शून्य की एक ते ठरतं. गाणं ‘भरलं’ तेव्हा हे इलेक्ट्रॉन कार्डातलेच होते, त्यांना कप्प्यात ढकललं दुकानाच्या विजेनं, जिचं बिल दुकानदारानं भरलेलं. रेकॉर्ड कंपनीचा एकही इलेक्ट्रॉन हलला नाही. शेजारणीच्या दारातली रांगोळी बघून आपल्या दारात तशीच काढावी, तसं हे. पूड आपली, अंगण आपलं, आणली ती फक्त नक्षी.

कायद्यालाही ही अडचण ठाऊक आहे. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७८ आणि आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतलं कलम ३०३ यांत चोरीची व्याख्या एकच : दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम मालमत्ता त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूनं हलवणं. ‘हलवणं’ महत्त्वाचं. तारेवर आकडा टाकून वीज घेणं आपण सर्रास चोरी म्हणतो, पण वीज ही या व्याख्येत बसणारी जंगम वस्तू नव्हे. म्हणून १९१० च्या वीज कायद्यात ‘हिला चोरीच समजावं’ असं वेगळं लिहावं लागलं. आकड्याच्या बाबतीत तिकडे निदान युनिट तरी कमी होतात! गाण्याचं तेही होत नाही. त्यामुळे गाण्यासाठी कायदाच निराळा, १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्यात शब्द आहे ‘उल्लंघन’. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८५ साली एल्व्हिस प्रेस्लीच्या बेकायदा रेकॉर्डी विकणाऱ्याचा खटला आला, तेव्हा चोरीच्या मालाविषयीचा कायदा अशा रेकॉर्डींना लागू होत नाही, असाच निकाल बहुमतानं लागला.

भाचा खूश झाला. पण त्याला म्हटलं, थांब. हा वाद घराघरात पोचलाच कसा, हे बघायचं असेल तर कायद्याचं पुस्तक मिटून ठेव आणि कानात डोकाव.

सीडीवर एका सेकंदाच्या आवाजासाठी ४४,१०० आकडे लिहिलेले असतात, डाव्या-उजव्या कानांसाठी वेगवेगळे, प्रत्येक आकडा १६ बिटांचा (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक). गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. चार मिनिटांचं गाणं सुमारे ४२ मेगाबाइट. १९९८-९९ मधला ५६ केचा (सेकंदाला ५६ हजार बिटांचा) किरकिरणारा मोडेम आठवतो? तो पूर्ण वेगानं चालला (कधीच चालायचा नाही) तरी एका गाण्याला एक तास चाळीस मिनिटं लागणार. एवढा वेळ फोन अडवून कोण चोरी करेल! तेच गाणं १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिटांच्या) एमपी३ मध्ये साडेतीन-चार मेगाबाइटचं होतं आणि नऊ-दहा मिनिटांत उतरतं. सगळा दंगा या अकरा पटींनी घडवला.

अकरापैकी दहा भाग गेले कुठे? ‘ऐकू न येणारे सूर गाळून टाकले’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात खरी मजा आहे.

आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा एक पडदा ताणलेला असतो, दाराशी अरुंद आणि ताठ, टोकाला रुंद आणि सैल. आवाज आत शिरला की या पडद्यावर लाट धावते. बारीक, उंच सुराची लाट दाराशीच उसळून विरते. खर्जाची लाट पार टोकापर्यंत जाऊन तिथे उसळते. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृतदेहांच्या कानात ही लाट प्रत्यक्ष पाहिली आणि त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. आता गंमत बघा. खर्जाच्या लाटेला टोकाकडे जाताना उंच सुरांच्या जागा ओलांडूनच जावं लागतं आणि जाता जाता ती त्या जागाही हलवते. म्हणून जाड आवाज बारकाला सहज झाकतो, बारीक आवाजाला मात्र जाडाला झाकणं जमत नाही. मिरवणुकीत ढोल घुमायला लागला की शेजारच्याच्या बोलण्यातले ‘स’, ‘श’ हरवतात, पण कुणाच्या शिट्टीनं ढोल झाकला गेल्याचं ऐकलंय कधी?

जवळजवळच्या सुरांचं भांडण तर अधिकच एकतर्फी. १००० हर्ट्झचा ६० डेसिबलचा सूर चालू असताना शेजारीच ११०० हर्ट्झवर ३० डेसिबलचा सूर लावा. ऐकू येणार नाही. तोच ३० डेसिबलचा सूर ४००० हर्ट्झवर नेला की स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे प्रत्येक मोठा सूर आपल्या आसपास एक सावली टाकतो. एमपी३ या सावलीत कचरा लपवतं.

कसला कचरा? आकडे गोळाबेरीज करण्यातून होणारी चूक. १७.३८ रुपयांना १७ म्हटलं की ३८ पैशांची चूक. ध्वनीच्या आकड्यांत अशी चूक झाली की ती खरखर म्हणून ऐकू येते. एक बिट कमी केला की खरखर साधारण ६ डेसिबलनं वाढते. सीडी सगळीकडे १६ बिट वापरून खरखर पार तळाशी ठेवते. पण एखाद्या पट्ट्यात सुराच्या २० डेसिबल खालपर्यंत सगळं सावलीतच असेल, तर तिथे १६ बिटांची चैन कशाला? तीन-चार पुरले. खरखर झाली तर होऊ दे, कान तिकडे बघणारच नाही. म्हणून एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारा प्रोग्रॅम, आवाजाचे ११५२ आकड्यांचे तुकडे करतो (एक तुकडा सेकंदाच्या चाळिसाव्या भागाहून किंचित मोठा). ते ३२ पट्ट्यांत विभागतो. एमडीसीटी नावाच्या रूपांतरानं त्यांचे ५७६ बारीक घटक पाडतो. प्रत्येक ठिकाणी सावली किती खोल ते मोजतो आणि तेवढ्याच जाडसरपणे आकडे लिहितो. शेवटी वारंवार येणाऱ्या आकड्यांना हफमन पद्धतीनं छोटे संकेत देतो. (इथवर दाजींनी चिवड्याची बशी पुढे ओढली होती.)

यात एक खोच आहे. चूक तुकडाभर सारखी पसरते. शांततेत अचानक तबल्याची थाप पडली, तर थापेची खरखर थापेच्या आधीच ऐकू येते. मोठ्या आवाजानंतर कान शंभरेक मिलिसेकंद सुन्न असतो, आधी मात्र जेमतेम दोन-चार. म्हणून असा ठोका दिसला की एन्कोडर ५७६ ऐवजी १९२ चे आखूड तुकडे वापरतो. त्या मेमरी कार्डातल्या ६४ केबीपीएसच्या गाण्यांत तबल्याआधी जी ‘छर्र’ यायची ती हीच. आणि एकट्या आवाजाला तर लपायला जागाच नसते. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कारणासाठी सुझॅन व्हेगाचं, एकही वाद्य नसलेलं ‘टॉम्स डायनर’ शेकडो वेळा ऐकून ही पद्धत घोटली.

जाता जाता : ‘४३२ हर्ट्झला लावलेलं संगीत पेशी दुरुस्त करतं’ असे फॉरवर्ड एमपी३ जोडून येतात. पाश्चात्त्य वाद्यं ज्या सुराला जुळवतात त्याचा ४४० हा आकडा १९३९ च्या एका परिषदेत सोयीसाठी ठरला, ४३२ ही तशीच एक निवड. आपल्याकडे गायक आपल्या गळ्याला सोसेल तो षड्ज धरत आलेत आणि त्यानं कुणाच्या पेशी बिघडल्या नाहीत. जी फाइल कानाला फसवून दहा भाग टाकून देते, ती पेशींना काय सांगणार!

तर ‘.mp3’ हे शेपूट १४ जुलै १९९५ ला ठरलं. ब्रांडेनबुर्ग एक किस्सा सांगतात : त्यांचा महागडा एन्कोडर ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्यानं चोरलेल्या क्रेडिट कार्डावर विकत घेतला आणि फुकट वाटून टाकला. या सगळ्या कहाणीत दंडसंहितेच्या जवळ जाणारी चोरी कुठे असेल तर ती त्या कार्डाची. १९९९ मध्ये एकमेकांच्या कॉम्प्युटरवरची गाणी फुकट उतरवून देणारं नॅप्स्टर आलं, २००१ मध्ये कोर्टाच्या आदेशांपायी बंद पडलं.

आता भाच्याला न आवडणारा भाग. अमेरिकेत संगीतविक्री १९९९ मध्ये १४.६ अब्ज डॉलर होती, पुढच्या पंधरा वर्षांत ती निम्म्याहून खाली आली. सगळं खापर डाउनलोडवर फोडता येत नाही. ओबरहोल्झर-जी आणि स्ट्रम्फ या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये, विक्रीवर डाउनलोडचा परिणाम शून्याहून वेगळा दिसत नाही असं मांडलं. लिबोविट्झ या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी ते खोडून काढायचा प्रयत्न केला आणि वाद चालूच राहिला. माझं मत विचाराल तर पहिल्या अभ्यासाचा निष्कर्ष मला पटत नाही. मिरजेच्या दुकानात मी पन्नास रुपये मोजायला तयार होतो, म्हणजे माझ्या लेखी गाण्याला किंमत होती. ती गायक-संगीतकाराकडे न जाता कार्ड भरणाऱ्याकडे गेली, एवढंच. वस्तू गेली नाही, मोबदला गेला. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा सोडून देताच येऊ नये अशी तरतूद केली, ती याच मोबदल्यासाठी.

आणि ‘चोरी नाही’ म्हणजे स्वस्तात सुटलो असंही नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख दंड. साध्या चोरीलाही कैदेची कमाल मर्यादा तीनच वर्षं. अमेरिकेतल्या मिनेसोटात एका बाईंना २४ गाणी इंटरनेटवर वाटल्याबद्दल २,२२,००० डॉलरचा भुर्दंड कायम झाला, गाण्यामागे ९,२५०. दुकानातून दोन सीडी खिशात घालून पळाल्या असत्या तर एवढे पडले नसते. “म्हणजे दाजी बरोबर?” भाच्यानं विचारलं. दाजींनी आशेनं वर पाहिलं. म्हटलं, शब्द चुकीचा, बाकी राग बरोबर.

रात्री त्याला एक खेळ दाखवला. माझ्याकडच्या एका सीडीवरचं गाणं कॉम्प्युटरवर घेतलं, त्याचंच एमपी३ केलं. एन्कोडरनं सुरुवातीला घातलेली किंचितशी शांतता कापून दोन्ही फाइली आकड्याला आकडा जुळवल्या, एकीतल्या सगळ्या आकड्यांचं अधिक-उणे चिन्ह उलटं केलं आणि बेरीज घेतली. जे सारखं ते कटलं, उरलं ते एमपी३ नं केलेलं नुकसान. हेडफोनमध्ये गाणं नव्हतंच. पत्र्यावर रेती सांडल्यासारखी सळसळ, तिच्यात ‘स’ आणि ‘च’ चे कुजबुजते ठिपके, आणि मधूनच ओळखीची वाटून निसटणारी चाल.

भाच्यानं ते दोनदा ऐकलं आणि ती सळसळ आपल्या फोनवर कॉपी करून घेतली. मला न विचारता.